अर्धी दाढी

न्हाव्याचा वस्तरा डाव्या गालावरून उजव्या गालाकडे वळला आणि नेमका तेव्हाच रांगेतला पुढचा ट्रक हलला. त्याच्या पुढचाही हलला. सीमेवरचं फाटक वर गेलं होतं, ते पुन्हा खाली येईना.

"खरंच सुरू झालं की काय?" ड्रायव्हर फेसाळ तोंडानेच खुर्चीतून उठला.

खरंच सुरू झालं होतं. आपला देश धरून आसपासच्या देशांच्या संघाने पलीकडच्या शेजारी देशाशी करार केला होता. माल भरतानाच एकदा तपासायचा, सीमेवर पुन्हा उघडायचा नाही. आणि दोन्हीकडच्या गावकऱ्यांनी नुसतं ओळखपत्र दाखवून जा-ये करायची. न्हाव्याने ही बातमी प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून सांगितली होती आणि वर म्हणाला होता, "बोलाचीच कढी." रांग होती म्हणून तर त्याचा धंदा होता. खोळंबलेली माणसं दाढी करून घेत, नाहीतर नुसतीच गप्पांना बसत.

मागून भोंगे वाजू लागले. "काका, वर चढा," ड्रायव्हर केबिनमधून म्हणाला. "पलीकडे सासुरवाडी आहे माझी. असा जाऊ?"

वाटी आणि वस्तरा घेऊन न्हावी चढला. आयुष्यभर त्या फाटकाकडे बघत उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच त्याच्याखालून गेला. शिपायाने ओळखपत्र पाहिलं न पाहिलंसं केलं. पलीकडे ट्रक बाजूला लावून उरलेला गाल झाला, आणि ड्रायव्हर जावयाच्या ऐटीत निघून गेला.

न्हाव्याने वळून पाहिलं. रस्त्याकडेला एक आरसा, एक खुर्ची, आणि गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःच पेपर वाचत बसलेला एक म्हातारा न्हावी. इकडचीही रांग संपली होती.

"पलीकडचे ना तुम्ही?" म्हातारा म्हणाला. "तुमच्या हातच्या दाढ्या रोज बघतो. कल्ले फार वर घेता."

"आणि तुम्ही मिशा वाकड्या कापता."

दोघेही हसले. म्हाताऱ्याने उठून खुर्ची फडक्याने झटकली. "बसा. तुमची दाढी कोण करतं?"

"मीच."

"तरीच."

न्हावी बसला. परक्या हाताने गालावर गार फेस लावला, आणि त्याला इतकं बरं वाटलं की डोळे आपोआप मिटले.

"आता आपलं कसं व्हायचं हो?" त्याने विचारलं.

"बघू," वस्तरा गालाला टेकवत म्हातारा म्हणाला. "आत्ता बोलू नका, लागेल."