शाळा बघायला

"आणि हा आमचा चौथीचा वर्ग," असं म्हणत बाई दाराला टेकल्या. आठवा महिना होता, फार वेळ उभं राहवत नव्हतं.

डॉक्टर आत बघत होत्या. गावच्या दवाखान्याला कधीचं कुलूप होतं. ते उघडायला त्या तयार होत्या, पण आपल्या मुलीसाठी आधी शाळा बघणार होत्या. म्हणून सगळं गाव कामाला लागलं होतं. भिंती रंगवल्या होत्या, नकाशे टांगले होते, आणि कधी नव्हे ती घंटासुद्धा वेळेवर वाजली होती.

"तुमची मुलगी इथेच शिकते?"

"हो तर! ती काय, पहिल्या बाकावर."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "तुमची शिकते, मग माझी का नाही शिकणार?"

बाईंच्या जिवात जीव आला. मागच्या खेपेला शहर गाठेपर्यंत बाळ गेलं होतं.

डॉक्टरांच्या मुलीला तहान लागली. "जा गं, हिला पाणी दे," बाई लेकीला म्हणाल्या. दोघी गेल्या, त्या लवकर येईचनात. आल्या त्या कोरड्याच.

"आई, हिला पाणी कुठे असतं तेच माहीत नाही! आम्ही सगळीकडे शोधलं."

बाईंची लेक उसन्या गणवेशाची लांब बाही ओढत उभी राहिली. डॉक्टरांनी बाईंकडे वळून बघितलं.

"शहरात असते ती," शेवटी बाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीकडे. कालच आणली. इथे चारही वर्गांना मी एकटी, काय कप्पाळ शिकवणार? पण तुम्ही आलात तर चार माणसं येतील, शिक्षकही टिकतील. मग हिलाही परत आणीन, शपथ घेते. डॉक्टर, तुमच्या पाया पडते." त्या वाकायला गेल्या, पण पोट आड आलं.

डॉक्टरांनी त्यांना धरून बाकावर बसवलं. नाडी बघितली, पाय दाबून बघितले. "सूज आहे. आतापासूनच शहरात जाऊन राहा," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "लेकीला आधी आणा, बाई. मग मी येते."

गाडी सुरू झाली, तशी बाईंची लेक दप्तर घेऊन धावत बाहेर आली.

"आई, यांच्याच गाडीतून जाऊ का गं? उद्या शाळा आहे ना."