गोठ्यातली जीप

राजोडीच्या किनाऱ्यावर वाळूत पांडुरंगने पंक्चर चाकाच्या जागी स्टेपनी लावली, पुढच्या चाकांचाही गियर टाकून जीप कशीबशी रस्त्यावर काढली, तर तिथे इंजिनच बंद पडलं. शेवटी मालन घरून रेडा घेऊन आली. विहिरीवर मोटर बसल्यापासून रहाट बंद होता आणि रेडाही बसून होता. गास गावातल्या घरापर्यंत जीप ओढताना त्याच्या तोंडाला फेस आला, वाटेत त्याने गुडघे टेकले. स्टिअरिंगवर बसून पांडुरंग ओरडून ओरडून दमला.

"संपला हा. आता काढून टाकू."

"अहो, जन्मभर रहाट ओढलाय त्याने," मालन म्हणाली.

"म्हणूनच संपला."

आठवड्याभरात व्यापारी रेडा घेऊन गेला. रिकाम्या गोठ्यात जीप ठेवायची म्हणून दोघं ती ढकलू लागली, पण ती जेमतेम सरकत होती. ब्रेक बघायला पांडुरंगने आत हात घातला, तर पुढच्या चाकांचा गियर तसाच पडलेला. गाडी ओढून न्यायची तर तो आधी काढायचा, नाहीतर ओढणाऱ्याचा जीव जातो, असं जीप विकणाऱ्याने बजावलं होतं. पांडुरंगने तो गुपचूप काढला.

मालनने नुसता खांदा लावला, तशी जीप घरंगळत गोठ्यात गेली.

"अगोबाई," ती म्हणाली, "हलकीच आहे की ही!"