आवाज जरा घाण कर

"एवढाच कॉम्प्युटर?" सहादेवआबांनी विचारलं. "बाकीचा कुठं हाय?"

"एवढाच असतो, आबा," सून म्हणाली.

निकिताच्या तळहातावर पत्त्यांच्या कॅटाएवढा एक हिरवा बोर्ड होता. पंखा नाही, पडदा नाही. त्याच्या यूएसबीला एक काळी डबी, डबीतून वायर घरच्या ॲम्प्लिफायरला. मोबाईलवर गाणं लावलं की ते वायफायवरून बोर्डात, बोर्डातून डबीत आणि डबीतून स्पीकरमध्ये. मध्ये खरखर नाही, गुणगुण नाही. बोर्डाला करंटसुद्धा तिनं चार्जरचा दिला नव्हता, बॅटरीचा दिला होता. चार्जरचा करंट मळका असतो म्हणे.

"आता करंट पन धुऊन घेत्यात," लसूण सोलता सोलता निकिताच्या सासूबाई, आक्काबाई म्हणाल्या.

संध्याकाळी देवळात आबांचा सत्कार होता. खरं तर सत्कार तानेचा होता. तरुणपणी ह्याच ओसरीवर बसून आबांनी एक गवळण म्हटली होती. कोणीतरी ती टेप केली आणि तिच्यातली शेवटची तान पार राजूरच्या बाजारापर्यंत गाजली. चहा ठेवून तान लावली तर चहा उतू जायचा, तान संपायची नाही. सगळी एका दमात. सन्मानचिन्हावर तसं कोरूनही झालं होतं: 'एक श्वास, एक तान'. सत्कारात तीच ऐकवायची होती. कॅसेट मरायला टेकली होती, म्हणून निकितानं तिची फाईल करून ठेवली होती.

बोर्ड, डबी, वायरी मिळून घरात त्याला 'डबा' म्हणत. तो न्यायला कादरभाई आले. देवळातला मंडप, भोंगे, लायटिंग, सगळं त्यांचंच.

"नेण्याआधी एकदा ऐकून घ्या," निकिता म्हणाली आणि मोबाईलवर बोट ठेवलं.

आवाज इतका स्वच्छ आला की आबांनी टोपी सरळ केली. पेटीचा भाता हलताना ऐकू आला. मागोमाग आबांचा तरुण गळा आला. तान सुरू झाली, चढली, वर जाऊन टिकली. आबांनी डोळे मिटले.

तानेच्या मधोमध स्पीकरमधले आबा खोकले.

तान चालूच होती.

"आक्के, पानी," स्पीकरमधले आबा म्हणाले.

तान चालूच होती. तांब्या वाजला. घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला. आबांनी मिशा पुसल्या, त्याचाही आला. तान त्याच सुरात, उलट थोडी भरदार होऊन, चालूच होती. शेवटी गळ्यातली घंटा वाजली आणि कोणीतरी नाकातून जोरात फुरफुरलं.

आबांनी डोळे उघडले.

"चंद्री हुती ती," आक्काबाई म्हणाल्या. "पारडू सोडलं न्हवतं ना, म्हनून म्हस वरडत हुती. मी तवाच सांगितलं हुतं."

"कवा सांगितलंस?"

"तुमी पानी पीत हुता."

कादरभाईंनी सगळं आयुष्य माईकमागं काढलं होतं. त्यांनी तान परत लावायला सांगितली आणि मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकली.

"आबा, राग मानू नका. तुमच्यापरीस ती जास्त सुरात हाय."

"तिची नात हाय गोठ्यात," आक्काबाई म्हणाल्या. हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

देवळाकडून भोंगा सुरू झाला. एका श्वासात तान घेणाऱ्या आपल्या आबांच्या सत्काराला सर्वांनी सहकुटुंब यावं, असं तो म्हणत होता. आबा पायरीवर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"निकिता, तुझा डबा लई हुशार हाय."

"हो, आबा."

"आवाज जरा घाण करता येतो का?"

गुणगुण घालवण्यात निकिताच्या कित्येक सुट्ट्या गेल्या होत्या. पण लग्न होऊन आल्यापासून त्या डब्याकडे घरातल्या कोणी काही मागितलं, ते पहिल्यांदाच.

"किती घाण?" तिनं विचारलं.

"म्हस झाकंल इतकी."

तिनं बॅटरी काढली. राजूरच्या बाजारातून आणलेला, कोणत्याच कंपनीनं नाव न लावलेला एक चार्जर घरात होता, तो जोडला. स्पीकर गुंऽऽ करू लागला. त्यात खोकला बुडाला, पाणी बुडालं, घंटा बुडाली. म्हैस उरली, पण आता ती आबा वाटत होती.

"कमी पडलं तर माझे भोंगे हायेत," कादरभाई म्हणाले. "त्यातनं म्हस काय, मानूस पन वळखू येत न्हाई."

सत्कार छान झाला. तान लागली तशी हातातले पंखे थांबले. पंगतीच्या चुलीवरचा चहा उतू गेला. असा दम पुन्हा होणे नाही, असं सरपंच म्हणाले. आबांनी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

घरी आल्यावर आबा ओसरीवर न चढता सरळ गोठ्याकडे गेले. चंद्रीची नात रवंथ करत उभी होती. आबांनी आपल्या गळ्यातला झेंडूचा हार काढून तिच्या गळ्यात घातला आणि नमस्कार केला. तिनं मान वळवली आणि हार खायला घेतला.

"आन शाल?" आक्काबाईंनी दारातून विचारलं.

आबांनी शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"पानी प्यायच्या आदीची तान माझीच हाय."