नोव्हेंबरातली आई

परीक्षक महाशय, माझ्या आईचं तोंड तुम्ही बंद केलंत.

एका महिन्यात कादंबरी लिहायची, ही तुमची दर नोव्हेंबरातली स्पर्धा. ऑफिसातून आल्यावर मी आईवरच लिहायचो. पहिल्या वर्षी तुम्ही कळवलंत, नायिकेच्या तोंडी शिव्या शोभत नाहीत. मी काढल्या. पुढच्या खेपेला, हिंजवडीच्या बांधकामावर अंगचटीला येणाऱ्या मुकादमाला तिनं चपलेनं हाणलं, ते तुम्हाला भडक वाटलं. तेही गेलं. यंदा तुम्ही पहिला नंबर दिलात.

काल आईला सगळी वाचून दाखवली. डोळ्याला पदर लावत म्हणाली, "किती सोसती रं बिचारी! तिच्या जागी मी असते तर थोबाड फोडलं असतं त्या मुकादमाचं. कोन हाय ही?"

बोला महाशय, काय सांगू तिला?