मोटरीचे कार्बन

शिलाई मशीनच्या मोटरीचे कार्बन झिजलेत, नवे आणा, असं माझी बायको बनू श्रावणापासून सांगत होती. मी रोज केडगावहून नगरला कामाला जायचो आणि रोज विसरायचो. दिवाळीनंतर तिनं सांगणं बंद केलं. मशीन चालत होतं, म्हणून मीही विचारलं नाही. माघात ती गेली.

महिन्याचं श्राद्ध झाल्यावर मी मोटर पिशवीत घालून नगरला गोरक्ष मिस्त्रीकडं नेली. म्हटलं, "दोन्ही कार्बन नवे टाक. चांगल्यातले."

त्यानं स्क्रू काढले, कार्बन तळहातावर घेतले आणि हसला.

"दादा, हे दुकानातले न्हाईत. बॅटरीच्या जुन्या सेलातली कांडी काढून घासलीय. कुनी केलं?"

"आमच्या मंडळींनी."

"लई नेमकं माप हाय. हितं कामाला पाठवा की त्यास्नी."

"ती वारली."

तो तेच कार्बन पुन्हा बसवत म्हणाला, "नवे कशाला टाकता? हे अजून दोन वर्सं चालतील. घरी कानस हाय का?"

"न्हाई."

"मग घासलं कशावर?"

घासण्याजोगा आमच्या घरात एक पाटाच होता. दिवाळीनंतर एकदा चटणी काळसर झाली होती आणि दाताखाली कचकचली होती. तेव्हा मी ताट सरकवून तिला विचारलं होतं, "ध्यान कुठं असतं गं तुझं?"