तीसपैकी अकरा

“तुम्ही जाणूनबुजून माझ्या पोराचा बळी दिलात. लिही.”

यामिनीने लिहिलं. रविंद्र मराठीत सांगत होता, ती इंग्रजीत टाइप करत होती. घरातली सगळी भांडणाची पत्रं अशीच जायची. हे पत्र आइस हॉकी असोसिएशनला होतं.

रविवारची दुपार. हॉस्पिटलचा कॉरिडॉर. काचेपलीकडे त्यांचा सतरा वर्षांचा सलिल. अर्धं डोकं भादरलेलं, कवटीचा तुकडा काढून ठेवलेला, तोंडात नळी. मेंदूची सूज उतरेपर्यंत झोपवून ठेवणार होते. उठला तर पुढचं बोलू, असं सर्जन म्हणाली होती. त्याची धाकटी बहीण उर्वी दोन खुर्च्यांवर आडवी पडून फोनमध्ये गेम खेळत होती.

“पुढे लिही. पंधरा दिवसांपूर्वीच तुम्हाला सगळं कळलं होतं.”

पंधरा दिवसांपूर्वी एका दांडगटाने सलिलला मागून येऊन रिंकच्या काचेवर आदळलं होतं. हेल्मेट फाटकन वाजलं. नाकातून रक्ताची धार, बर्फावर लाल शिंतोडे आणि एक दात. पंचाने दांडगटाला दोन मिनिटं बाहेर बसवलं. दोन मिनिटं! दात शोधायलाच त्याहून जास्त वेळ लागला.

मग फिजिओने आयपॅडवर टेस्ट घेतली. असोसिएशनचा नियमच तसा. सीझनच्या आधी प्रत्येकाने घरी बसून ती टेस्ट द्यायची. स्क्रीनवर तीस शब्द येतात, किती लक्षात राहिले ते मोजतात. डोक्याला मार बसला की पुन्हा तीच टेस्ट. आधीपेक्षा स्कोअर घसरला, तर तीन आठवडे बर्फावर पाय ठेवायचा नाही.

सलिलचा घसरला नाही.

“सेम ॲज बिफोर, मेट. नो वरीज,” म्हणून फिजिओने सही ठोकली.

“पाच मिनिटांत!” रविंद्र आता म्हणाला. “गॅरेजवालासुद्धा ठोकलेली गाडी जास्त वेळ बघतो. हेही लिही. आणि लिही की आम्ही आमच्याकडून सगळं चोख केलं. फेब्रुवारीतली टेस्ट मी स्वतः शेजारी बसून करून घेतली. तू शिफ्टला होतीस.”

“मी पण होते,” उर्वी म्हणाली. “आय वॉज कलरिंग.”

“हो गं राणी, तू पण.”

काल एक स्काउट आला होता. थेट कॅनडाहून, पोरांची पारख करायला. एकच मॅच बघणार होता. त्याने हो म्हटलं की सलिल प्रो खेळाडू व्हायच्या वाटेवर. रविंद्र मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसला. स्काउटच्या मांडीवर फॉर्म होता, प्रत्येक रकान्यात दहापैकी मार्क. स्केटिंग नऊ. स्टिक नऊ. नजर दहा.

“मान न वळवता त्याला माहीत असतं, कोण कुठे आहे ते,” स्काउट म्हणाला. “असलं डोकं मी वीस वर्षांत दोनदा पाहिलं.”

“अहो, चौथीत असताना आमच्या टूनगॅबीतल्या अख्ख्या मराठी ग्रुपचे फोन नंबर पाठ होते त्याला,” रविंद्र त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत फुशारला.

शेवटचा रकाना मात्र रिकामा होता. त्यावर लिहिलं होतं, ‘मार खाल्ल्यावर’.

“आणि हा?”

“अजून कोणी आदळलाच नाही त्याला. स्टिक सगळ्यांचीच चांगली असते. मार खाऊन कोण उठतं, तेवढंच बघायला मी विमानात बसतो.”

सलिल खरंच लांबलांब खेळत होता. मधेच थांबून डोळे मिचकावत होता. रविंद्र खाली धावला आणि काचेवर मुठी आपटत ओरडला, “सलिल! घाबरतोस काय? घूस! भिड!”

सलिलने बापाकडे पाहिलं. मग घुसला.

दोघांनी त्याला मधे चेपलं. एकाचा खांदा जबड्याखाली, दुसऱ्याचं कोपर कानशिलात. हेल्मेट उडालं. डोकं बर्फावर दोनदा आपटलं आणि दुसऱ्यांदाचा आवाज वरच्या रांगेपर्यंत आला. पाय झटके देत होते, स्केटची पाती बर्फ खरवडत होती. स्काउटने फॉर्मची घडी करून खिशात घातली.

“हलकट साले,” रविंद्र म्हणाला. “लिही, तुमच्या टेस्टवर विश्वास ठेवला म्हणून माझा मुलगा इथे पडलाय. हे कुणामुळे झालं? उत्तर द्या. बोल्डमध्ये कर.”

यामिनीने केलं. “स्कोअर किती होता? आकडे घालू. आकड्यांना घाबरतात हे लोक.”

“आकडे कशाला? उगाच पत्र लांबेल.”

“किती होता?”

“अकरा.”

“मार लागल्यावर?”

“दोन्ही वेळा. सेम म्हणाला ना तो.”

यामिनीची बोटं थांबली. “फेब्रुवारीत? धडधाकट असताना? आपल्या सलिलला तीसपैकी अकरा?”

“ते सोड. पुढचं लिही,” रविंद्र म्हणाला.

“ही न्यू ऑल ऑफ देम,” उर्वी गेममधून मान वर न काढता म्हणाली. “दादाने मला तीसच्या तीस शब्द म्हणून दाखवले. बाबाच म्हणाला, अकरावर थांब, म्हणजे सीझनभर तुला कोणी बाहेर बसवणार नाही.”

यामिनीने लॅपटॉप उचलला, रविंद्रच्या मांडीवर ठेवला आणि त्या शेवटच्या ठळक ओळीवर बोट टेकवलं.

“दे उत्तर.”