पूल मागे पडला

घोडीच्या मिशांवर बर्फ धरत होतं, पण फक्त टोकांना. मुळाशी केस काळे आणि ओले होते. नाकपुडीतली वाफ तेवढंच अंतर ऊबदार राहायची आणि मग गोठायची. मेंगियाने हातमोजा काढून एका केसावरून बोट फिरवलं.

"प्रयोग झाला असेल तर बस," लीनार्द म्हणाला. "सगळे निघाले. शाळेतल्या पोरांना उद्या शिकव भौतिकशास्त्र."

लाल लोकरीचा झगा सावरत ती बर्फावरून घसरत जाणाऱ्या स्लेजच्या पुढच्या बैठकीवर बसली. तो मागे, दोन्हीकडे पाय टाकून. त्याचे हात तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे आले आणि त्यांनी लगाम धरले. अक्रोडाचा केक तिने मांडीवरच्या घोंगडीखाली सरकवला. स्लेजांची मिरवणूक दरवर्षीप्रमाणे शेजारच्या गावात जायची होती. तिथे जेवण, मग नाच.

रस्त्याच्या कडेला हॉटेलातली जोडपी उभी होती. या आठवड्यात तिथे जोडपीच उतरली होती. प्रत्येकाच्या हातात गरम वाइनचा कप. एका पाहुणीने फोन वर धरला. "किती गोड नवरा-बायको!"

"कुठले नवरा-बायको!" तिच्या शेजारी पाय आपटत उभी असलेली बार्लाआत्या म्हणाली. ती लीनार्दची सख्खी आत्या. "अहो बाई, लग्न झालं की या मिरवणुकीत बसता येत नाही. झालं असतं तर हे दोघं इथे माझ्यासारखे गारठत उभे असते." मग तिने आवाज चढवला. "अरे लीनार्दा! तुझ्या मागच्या स्लेजमधल्या पोराला आत्ता कुठे मिसरूड फुटतंय. आणि तुला टक्कल!"

"टोपी घातलीय, आत्या!"

"टोपीखालचं मला सगळं ठाऊक आहे!"

लोक हसले. घोडीच्या गळ्यातले घुंगरू एकदम वाजायला लागले आणि गाव मागे सरकलं.

मेंगियाला लग्न नको होतं असं नाही. तिने लग्न झालेली माणसं पाहिली होती, एवढंच. बसथांब्यावर शेजारी शेजारी उभी, एक डावीकडे बघतोय, एक उजवीकडे. स्लेजमध्ये तसं होऊच शकत नव्हतं. दोघांचं तोंड एकाच दिशेला, त्याचा श्वास तिच्या कानाशी. हे सोडायचं आणि बसथांबा घ्यायचा, हा सौदा तिला दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलावासा वाटायचा. लीनार्दही दरवर्षी लाकडी पुलावर विचारायचा, "करू या का लग्न, येत्या उन्हाळ्यात?" आणि ती म्हणायची, "पुढच्या वर्षी."

पूल आला. स्लेजच्या पट्ट्यांखालचा आवाज बदलला, बर्फाचा मऊ आवाज जाऊन फळ्यांचा पोकळ आवाज आला. तिने उत्तर तयार ठेवलं.

पूल मागे पडला.

"पूल गेला," ती म्हणाली. घुंगरांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून ती ओरडली, "पूल गेला!"

"दिसला मला!"

"मग? घसा बसलाय?"

"घसा ठणठणीत आहे. यंदा विचारायचं नाही असं ठरवलंय. मी तेच विचारतो, तू तेच सांगतेस. त्या पुलालासुद्धा आता पाठ झालं असेल."

ती हसली. पाठीमागून हसू आलं नाही.

"आणखी एक," तो तिच्या कानाशी आला. "पुढच्या वर्षी ही स्लेज लादिनाला देतोय."

लादिना त्याची भाची. काल-परवापर्यंत याच स्लेजमध्ये लपवून मांजर पाळायची.

"तिला मिरवणुकीसाठी कुणी विचारलंय?"

"त्या चीजवाल्यांच्या मुलाने. त्यांच्याकडे स्लेज नाही. आमच्या घरात ही एकच. पोरीने आयुष्यभर कडेला उभं राहून बघायचं का?"

"नाही, नाही. द्यायलाच हवी." मग थोड्या वेळाने, "आणि आपण?"

"आपलं मला काय ठाऊक?" तो म्हणाला. "मी विचारायचं थांबवलंय."

तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते फक्त हातमोजे, आणि लगाम, एरवीपेक्षा किंचित ढिले. घोडीलाही ते कळलं असावं. तिची चाल मंदावली. मागच्या स्लेजमधल्या पोराने कोपरखळी मारली, "काका, झोप लागली का?" त्याला उत्तर द्यायला लीनार्द मागे वळला आणि त्याची छाती तिच्या पाठीपासून दूर झाली.

उणे अठराची हवा मधल्या फटीत शिरली. इतक्या वर्षांत त्या जागेला कधी गार लागलं नव्हतं. ऊब इतकी वर्षं स्लेजची आहे असं ती धरून चालली होती. भौतिकशास्त्राच्या बाईने अशी चूक करावी! घोंगडी तीच होती, बैठक तीच, झगा तोच.

लीनार्द पुन्हा सरळ बसला. पाठीला ऊब आली.

"लीनार्द!"

"काय?"

"ऐकतोयस का?"

"नाही! घुंगरू वाजतायत! जोरात बोल!"

समोर शेजारच्या गावातलं चर्च दिसायला लागलं होतं. मिरवणुकीच्या म्होरक्याने हात वर केला, पण मेंगियाने तिकडे पाहिलं नाही. तिने मान वळवली, छाती भरून थंड हवा घेतली आणि तोंड उघडलं. त्याच क्षणी पुढचे घोडे थांबले, मागचे थांबले, सगळे घुंगरू एकाएकी गप्प झाले, आणि साऱ्या गावाला तिचा आवाज ऐकू आला.

"लग्न करू या! आणि उन्हाळ्यापर्यंत थांबायला मला जमणार नाही!"